मोटारहोम निवडताना आधी वजनाचा हिशेब करा
कायम राहण्यासाठी मोटारहोम, म्हणजे आत राहण्याची सोय असलेले वाहन, निवडताना बहुतेकांचे लक्ष आतील सजावटीकडे जाते. खरे तर पहिला प्रश्न भारक्षमतेचा असायला हवा. वाहनाचे कमाल अनुज्ञेय वजन आणि रिकाम्या वाहनाचे वजन यांतील फरक एवढीच काय ती संसाराला मिळणारी मुभा असते, आणि ती वाटते त्यापेक्षा फार लवकर संपते. १०० लिटर पाणी म्हणजेच १०० किलो. त्यात माणसे, गॅसच्या टाक्या, कपडे, अवजारे आणि सायकली यांची भर पडते. मागाहून बसवलेली उपकरणे विक्रेत्याने सांगितलेल्या वजनात धरलेली असतीलच असे नाही, म्हणून शक्य असल्यास वाहन वजनकाट्यावर नेऊन पुढच्या व मागच्या आसावरील (ॲक्सलवरील) भार स्वतंत्रपणे मोजून घ्यावा, कारण एकूण वजन मर्यादेत असूनही मागच्या आसावर जास्त भार आलेला असू शकतो.

वापरलेले वाहन घेत असाल, तर छताच्या आणि खिडक्यांच्या सांध्यांजवळ भिंत दाबून पाहावी. ती मऊ लागल्यास आत ओल मुरलेली असण्याची दाट शक्यता असते, आणि अशी दुरुस्ती बहुधा इंजिनाच्या कामापेक्षाही जिकिरीची ठरते.

आतील दिवे व उपकरणे चालवणारी बॅटरी लेड-ॲसिड (शिसे व आम्ल वापरणाऱ्या) प्रकारची असल्यास तिच्या नोंदवलेल्या क्षमतेपैकी साधारण ५० टक्केच वापरायची, असे धरून चालावे. पलंग मात्र कायमचा मांडलेलाच हवा. रोज रात्री टेबल मोडून अंथरूण घालणे सुटीत गमतीचे वाटते, तिसऱ्या आठवड्यात नाही.