नागपूरच्या वर्गात ओहोटीची डबकी

नागपुरात समुद्रजीवन शिकवायला नव्याने उभे राहणारे बहुतेक जण सुरुवात तारामाशाच्या चित्राने करतात. मुलं नावं पाठ करतात, आठवड्यात विसरतात. पहिल्या तासिकेला प्राणी नकोतच. फक्त पाणी घ्या.

एक लिटर पाण्यात ३५ ग्रॅम खडे मीठ विरघळवलं की साधारण समुद्राइतका खारटपणा येतो. (पुडीतल्या बारीक मिठाने पाणी बऱ्याचदा गढूळ दिसतं.) पसरट पारदर्शक डब्यात ओता, पातळीवर मार्करने रेघ मारा, डबा उन्हाच्या खिडकीत ठेवा. मार्चपासूनचं इथलं कोरडं ऊन या कामी फार उपयोगी. पाव हिस्सा पाणी उडालं की लिटरला सुमारे ४७ ग्रॅम मीठ झालं. हे गणित मुलांनाच करू द्या. ओहोटीत खडकाच्या खळग्यात अडकलेल्या जिवाला हेच सोसावं लागतं.

मग पाऊस. उभ्या ग्लासात अर्धं खारं पाणी घ्या आणि खायचा निळा रंग घातलेलं गोडं पाणी चमच्याच्या पाठीवरून थेंबाथेंबाने सोडा. निळा थर वर राहतो. मुलं घाई करतात आणि सगळा ग्लास निळा होतो, म्हणून खारं पाणी जास्तीचं करून ठेवा. त्यात जिवंत काही सोडू नका. हे समुद्राचं पाणी नव्हे. यानंतर बार्नॅकल (खडकाला चिकटून राहणारा कवचधारी जीव) झाकण का मिटून घेतो, हे वेगळं समजवावं लागत नाही.

कचऱ्याचा विषय नाग नदीवरून काढा. नाग, कन्हान, वैनगंगा, प्राणहिता, गोदावरी: नकाशावर बोट फिरवत गेलं की पोहोचतो बंगालच्या उपसागरात, कोकणात नाही. मुलं इथे हमखास चुकतात.

कोकणात सहल नेणार असाल तर तारीख तिथीवरून ठरवा. अष्टमीच्या आसपास भांग असते, म्हणजे भरती-ओहोटीतला फरक सगळ्यात कमी, खडक पुरते उघडे पडत नाहीत. ऐन पौर्णिमा-अमावास्येला ओहोटी पहाटे अंधारात येते. ती रोज सुमारे ५० मिनिटं पुढे सरकते, म्हणून दोन दिवसांनंतरची सकाळ धरा. नेमकी वेळ जवळच्या बंदराच्या तक्त्यात बघा, तासभर आधी पोहोचा, पाणी फिरलं की मुलांना वर घ्या. पायात चपला नकोत, जुने कॅनव्हासचे बूट हवेत. कालवांच्या (खडकाला चिकटलेल्या शिंपल्यांच्या) कडा पाय कापतात. उलटवलेला दगड होता तसाच परत ठेवायचा, नाहीतर खालच्या बाजूचे जीव उन्हात मरतात.

निघताना पिशव्या तपासा. प्रवाळाला १९७२ च्या वन्यजीव कायद्याचं संरक्षण आहे. रिकामा शंखही उचलू नये, कारण शंखात राहणारा खेकडा वाढला की त्याला मोठा शंख तिथेच शोधावा लागतो.