अमेरिकेची निवडणूक-रात्र घरी बसून पहिल्यांदाच पाहताय? अशी पाहा

अठरा पूर्ण नसतील तर मत देता येत नाही, पण निकालाच्या रात्री टीव्हीसमोर बसायला वयाची अट नाही. अमेरिकेची पुढची अध्यक्षीय निवडणूक मंगळवारी, ७ नोव्हेंबर २०२८ ला आहे. नुसतं पडद्याकडे बघत बसलात तर तासाभरात लाल (रिपब्लिकन) आणि निळ्या (डेमोक्रॅट) रंगांनी डोकं भणभणतं. म्हणून थोडी तयारी करा.

१. आदल्या दिवशी राज्यांचा कोरा नकाशा छापून घ्या आणि प्रत्येक राज्यावर त्याची इलेक्टोरल मतं (अध्यक्ष निवडताना त्या राज्याच्या वाट्याला येणारी मतं) हाताने लिहा: कॅलिफोर्निया ५४, टेक्सास ४०, पेनसिल्व्हेनिया १९, वायोमिंग ३. एकूण ५३८, जिंकायला २७०. बहुतेक राज्यांत जो पुढे, त्याला सगळी मतं मिळतात. मेन आणि नेब्रास्का मात्र काही मतं मतदारसंघानुसार देतात, तिथे रंग विभागून भरावा लागू शकतो. देशभरात जास्त मतं मिळूनही हिलरी क्लिंटन २०१६ मध्ये कशा हरल्या, हे आकडे लिहितानाच लक्षात येईल.

२. समासात मतदान संपण्याच्या वेळा टिपून ठेवा. २०२४ मध्ये पूर्व किनाऱ्याच्या घड्याळाप्रमाणे जॉर्जियात ७ ला, नॉर्थ कॅरोलिनात साडेसातला, पेनसिल्व्हेनियात ८ ला, विस्कॉन्सिनमध्ये ९ ला आणि कॅलिफोर्नियात ११ ला मतदान संपलं.

३. आता खरं काम. पेन्सिल आणि स्केचपेन दोन्ही जवळ ठेवा. कोणी नुसता आघाडीवर असेल तर पेन्सिलीने हलकी रेघ. राज्य घोषित झालं की मगच स्केचपेन. हा नियम मोडायचा मोह फार होतो, कारण चॅनेलवाले प्रत्येक नव्या आकड्यावर ओरडत असतात. तुमची नजर उमेदवाराच्या टक्केवारीवर नको, किती टक्के मोजणी झाली ते सांगणाऱ्या बारीक अक्षरांवर हवी. २०२० मध्ये पेनसिल्व्हेनियात मतदानाच्या दुसऱ्या दिवशी सकाळी ट्रम्प सहा लाखांहून अधिक मतांनी पुढे होते, आणि शेवटी राज्य डेमोक्रॅट बायडन यांनी सुमारे ८० हजारांनी जिंकलं. त्यात जादू काही नव्हती. तिथल्या कायद्यानुसार टपालाने आलेली पाकिटं मतदानाच्या दिवसाआधी उघडताच येत नाहीत. त्या वर्षी टपाली मतदार बहुसंख्येने डेमोक्रॅट होते, आणि त्यांची मतं मागाहून मोजली गेली. म्हणून आघाडीचा आकडा दिसला की पहिला प्रश्न हा: मोजायचं राहिलंय कुठलं? फिलाडेल्फियासारखं मोठं शहर बाकी असेल, तर रेघ हलकीच बरी.

४. ‘घोषित’ म्हणजे कोणी केलं, तेही पाहा. त्या रात्री विजेता जाहीर करणारी सरकारी यंत्रणा देशपातळीवर नसते. असोसिएटेड प्रेस ही वृत्तसंस्था (ती १८४८ पासून हे काम करतेय) आणि मोठी चॅनेल्स आपापल्या हिशोबाने राज्यं जाहीर करतात. २००० मध्ये चॅनेल्सनी फ्लोरिडा आधी डेमोक्रॅट उमेदवार गोर यांना दिलं, मग मागे घेतलं, पहाटे रिपब्लिकन बुश यांना दिलं आणि तेही मागे घेतलं. अखेरचा फरक होता फक्त ५३७ मतांचा. तेव्हा दोन ठिकाणांहून घोषणा ऐकल्याशिवाय स्केचपेनचं टोपण काढू नका.

५. घरातली मोठी माणसं वेगवेगळ्या पक्षांची असतील तर वाद होणारच. त्यांना राज्यं वाटून द्या. आपापल्या राज्याचे ताजे आकडे ज्याने त्याने वाचून दाखवायचे. भांडण थांबेलच असं नाही, पण निदान आकड्यांवरून होईल.

६. झोपायची वेळ आधीच ठरवा. २०२४ चा निकाल पहाटे लागला, २०२० चा तर शनिवारी. उरलेली राज्यं सकाळी रंगवता येतात. आणि बेरीज २६९-२६९ झालीच, तर नकाशा जपून ठेवा: मग अध्यक्ष संसदेचं प्रतिनिधीगृह निवडतं, आणि तिथे कॅलिफोर्नियालाही एकच मत, वायोमिंगलाही एकच.