नाशिकचा कांदा बांगलादेशात: खळ्यावर गाडी भरण्यापासून पलीकडं उतरेपर्यंत

खळ्यावरून गाडी सुटली की माल एक्स्पोर्ट झाला, असं नवा व्यापारी धरून चालतो. कायद्याच्या हिशेबी निर्यात ठरते ती सीमेवरच्या कस्टम्सनं ‘लेट एक्स्पोर्ट ऑर्डर’ दिल्यावर, म्हणजे एलईओ झाल्यावर. निर्यातशुल्कही त्या दिवशीच्या दरानं लागतं, पिंपळगावहून गाडी निघाली त्या दिवशीच्या नाही. 14 सप्टेंबर 2020 ला निर्यातबंदी आली तेव्हा पश्चिम बंगालच्या सीमेवर घोजाडांगा, महदीपूर, हिली इथं कांद्याच्या गाड्यांच्या रांगा अडकल्या आणि काही सुटेपर्यंत बराच माल सडला होता. पुढं ऑगस्ट 2023 मध्ये 40 टक्के शुल्क, डिसेंबरात बंदी, मे 2024 मध्ये टनाला 550 डॉलर किमान दर आणि 40 टक्के शुल्क, सप्टेंबरात ते 20 टक्के, आणि 1 एप्रिल 2025 पासून शून्य. प्रत्येक बदलाच्या वेळी कुणाच्या तरी गाड्या रस्त्यातच होत्या. म्हणून सौद्यातच लिहून घ्या: गाडी निघाल्यानंतर शुल्क वाढलं किंवा बंदी आली तर भार कुणाचा.

माल नंतर घ्या, आधी कागद. आयईसी (आयात-निर्यातीचा कोड), अपेडाची (शेतमाल निर्यातीच्या सरकारी संस्थेची) नोंदणी आणि ज्या सीमेवरून माल जायचा तिथल्या कस्टम्सकडं बँकेच्या एडी कोडची (परकीय चलन व्यवहार करणाऱ्या शाखेच्या क्रमांकाची) नोंद हवी. शेवटचं बरेच जण विसरतात. न्हावाशेवाला नोंद असली म्हणून ती बंगालच्या सीमेवर पेट्रापोलला चालत नाही. बांगलादेशी आयातदाराकडं तिथल्या कृषी खात्याचं आयात परमिट हवं. त्याला सगळे ‘आयपी’ म्हणतात. तिकडच्या शेतकऱ्याचा कांदा बाजारात आला की ही परमिटं आखडतात, म्हणून आयपीची प्रत हातात आल्याशिवाय एक पिशवीही भरू नका. फोनवरच्या ‘हो जाएगा’ला किंमत नाही.

मग एलसी, म्हणजे आयातदाराच्या बँकेचं पैसे देण्याचं हमीपत्र. इथं चार ओळींवर लाखो रुपये अडकतात. एक, सीमाबंदराचं नाव: घोजाडांगा–भोमरा (आपलं नाकं आणि त्यासमोरचं बांगलादेशातलं) लिहिलं असेल तर ऐनवेळी गाडी महदीपूर–सोनामसजिदला वळवून चालणार नाही, आधी एलसीत दुरुस्ती लागेल. दोन, ‘पार्शल शिपमेंट’ला, म्हणजे माल तुकड्यांत पाठवायला, परवानगी. एका एलसीवर दहा गाड्या जायच्या असतील आणि तिथं मनाई असेल तर पहिल्याच गाडीचे कागद बँक परत करते. तीन, माल टनात लिहून घ्या, पिशव्यांत नको. यूसीपी 600, म्हणजे एलसीच्या आंतरराष्ट्रीय नियमांप्रमाणे, टनात लिहिलेल्या मालाला, एलसीत वेगळं काही म्हटलं नसेल तर, पाच टक्के कमीजास्त चालतं, पण पिशव्यांची संख्या लिहिली की ती सवलत जाते. चार, ट्रकची बिल्टी चालेल असं स्पष्ट हवं. एलसीचा नमुना समुद्री मालाचा असेल तर बँक बिल ऑफ लेडिंग (जहाजाची बिल्टी) मागत बसते, आणि ट्रकला ते असतं कुठून?

आता माल. उन्हाळ कांदा चांगला सुकलेला असला तर प्रवास सोसतो. लाल कांद्यात पाणी जास्त, पत्ती पातळ. तो गाडीत चार दिवस आणि सीमेवर चार दिवस राहिला की खालच्या थराला ओल सुटते. जोड, डेंगळे, मोड आलेला, काजळी धरलेला वेगळा काढा. मुळं छाटा, माती झाडा. फायटोसॅनिटरी (रोग-किडीच्या) तपासणीत माती हेच नापासाचं साधं कारण असतं. आयपीत जी जादा अट लिहिली असेल ती फायटोच्या दाखल्यावर शब्दशः उतरली आहे का, हे दाखला हातात घेतानाच वाचा.

बाराचाकी गाडीत साधारण 25 टन, म्हणजे 50 किलोच्या 500 पिशव्या. नेमकं किती बसतं ते आरसी बुकातल्या एकूण वजनातून मोकळ्या गाडीचं वजन वजा करून पाहा. ओव्हरलोड करून भाडं वाचवायचा मोह सोडा. वाटेत दंड आहेच, वर पावतीवरचं वजन आणि सीमेवरच्या काट्याचं वजन जुळत नाही. रिकामी आणि भरलेली, दोन्ही वजनं एकाच काट्यावर करा.

भरताना तळाला बांबू किंवा पेंढा घाला, मध्ये पुढून मागपर्यंत हातभर हवेची मोकळी वाट ठेवा. ताडपत्री चापून बांधणं ही ड्रायव्हरची सवय असते. पाऊस नसेल तेव्हा बाजू उघड्या ठेवायला सांगा. बंद ताडपत्रीखाली दुपारी पिशव्यांना घाम सुटतो, रात्री तोच पाणी होऊन वरच्या थरावर टपकतो. ताडपत्री उचलल्यावर आंबूस वाफ आली तर तो थर तिथंच उपसावा लागतो.

धुळे, नागपूर, रायपूर, संबळपूर, खरगपूरमार्गे सीमा दोन हजार किलोमीटरच्या आसपास. दोन ड्रायव्हर असतील तर तीन दिवस, एक असेल तर चार-पाच. भाडं ठरवताना तीन गोष्टी बिल्टीवर हव्यात: किती दिवस उभं राहणं भाड्यातच, त्यानंतर हॉल्टिंगचा दिवसाचा दर, आणि उरलेली रक्कम कोणत्या पोचवर. गाडी बंद पडून माल दुसरीत पलटी केला तर गाडी नंबर सगळ्या कागदांवर बदलतो. कस्टम्स एजंटाला तिथूनच फोन करा, सीमेवर जाऊन नव्हे.

पश्चिम बंगालमध्ये सीमेवर जाण्यासाठी ‘सुविधा’ पोर्टलवर गाडीचा स्लॉट लागतो. तो घेतल्याशिवाय गाडी आत जात नाही, आणि फार आधी घेतला तर रस्त्यातल्या एका पंक्चरनं वाया जातो. गाडी खरगपूर ओलांडताना स्लॉटच्या वेळेचा ताळा करा. शुक्रवारी बांगलादेशात सुटी, दुर्गापूजेत आणि ईदला दोन्हीकडं काही दिवस व्यवहार बंद. बुधवारी रात्री सीमेवर पोचणारी गाडी गुरुवारी सुटली नाही तर शनिवारवर जाते. त्यामुळं पिंपळगावहून गुरुवारी-शुक्रवारी निघणं बरं. पेट्रापोलला कारखान्यांच्या मालाची गर्दी असते. नाशवंत मालाला घोजाडांगा किंवा महदीपूर सोयीचं पडतं, पण आयातदाराची बाजारपेठ कुठं आहे त्यावर शेवटचा निर्णय.

एलईओ झाल्यावर ड्रायव्हर कारपासवर (गाडीला सीमेपलीकडं जायच्या तात्पुरत्या परवान्यावर) पलीकडच्या यार्डापर्यंतच जातो. तिथं माल बांगलादेशी ट्रकमध्ये पलटी होतो आणि आपली गाडी रिकामी परत येते. उतरवताना आयातदाराचा माणूस वजन कमी दाखवतो, हे ठरलेलं. दोन-तीन टक्के घट सौद्यात आधीच मान्य करून घ्या आणि त्यावरच्या तुटीला यार्डाच्या काट्याची पावती मागा. ड्रायव्हरनं प्रत्येक थराचा, ताडपत्री काढतानाचा फोटो पाठवला तर भांडण लवकर मिटतं. परतीचं भाडं बहुधा हावडा किंवा दुर्गापूरच्या लोखंडाचं, कधी हुगळीकाठच्या मिलमधल्या बारदानाचं. ते आधी जमवून ठेवलं तर ट्रकवाला जातानाचा दरही थोडा सोडतो.

कागद बँकेत, एलसीत वेगळी मुदत नसेल तर, माल निघाल्या तारखेपासून 21 दिवसांच्या आत गेले पाहिजेत. बिल्टी, इनव्हॉइस, फायटो, माल कोणत्या देशाचा याचा दाखला (सर्टिफिकेट ऑफ ओरिजिन) आणि एलसी टेबलावर शेजारी मांडून आयातदाराचं नाव एकेका अक्षरानं ताडून पाहा. ‘ट्रेडर्स’ आणि ‘ट्रेडिंग’ एवढ्या फरकावर बँक कागद थांबवते.