ज्योतिषाची टेस्ट घ्यायचीय? नारळीकर सरांनी घेतली तशी घ्या

पत्रिकेवरून सगळं कळतं म्हणणाऱ्याशी वाद घालू नका, घसा कोरडा होतो आणि शेवटी "तुमचा विश्वास नाही ना, मग सोडा" वर गाडी येते. खगोलशास्त्रज्ञ जयंत नारळीकर वादातही मागे नव्हते, 2001 मध्ये यूजीसीने (विद्यापीठ अनुदान आयोगाने) विद्यापीठांत ज्योतिष शिकवायचं काढलं तेव्हा उघड विरोध केला त्यांनी, पण 2008 ला त्यांनी सरळ परीक्षाच घेतली, सोबत अंधश्रद्धा निर्मूलनवाले नरेंद्र दाभोलकर, ज्योतिषाची चिकित्सा करणारे प्रकाश घाटपांडे आणि संख्याशास्त्रवाले सुधाकर कुंटे.

आधी प्रश्न नीट निवडा. स्वभाव वगैरे नको, "तापट पण मनाने चांगला" कोणालाही लागू पडतं. सरांच्या टीमने 100 हुशार आणि 100 मतिमंद मुलांच्या पत्रिका जमवल्या, ज्योतिषाने एवढंच सांगायचं की ही पत्रिका कुठल्या गटातली.

मग नावं काढा, नुसते नंबर टाका. पत्रिका हातात देणाऱ्यालासुद्धा उत्तर माहीत नको, चेहऱ्यावरून कळतं हो!

आणि किती बरोबर आले की पास, हे आधी लिहून दोघांच्या सह्या घ्या, इथेच सगळे फसतात. 40 पत्रिका असतील तर नाणं उडवूनही 20 च्या आसपास जमतात, 28 किंवा जास्त यायची शक्यता मात्र शंभरात एकही नाही, म्हणून रेघ तिथे मारा. त्या टेस्टमध्ये 27 जणांनी उत्तरं पाठवली, प्रत्येकाला त्या 200 मधल्या 40 पत्रिका, बरोबर उत्तरांची सरासरी आली 17.25. एकाने तर 37 मुलं हुशार ठरवली आणि मतिमंद एकही नाही! सगळ्यात जास्त 24, पण त्या एकाचा सत्कार करू नका, 27 जणांनी नुसती नाणी उडवली तरी दोन-चार जण तिथपर्यंत पोचतातच.

हीच फूटपट्टी सरांनाही लावा, मी तर लावतो. विश्वाला सुरुवातच नाही हा ब्रिटिश खगोलशास्त्रज्ञ फ्रेड हॉईल यांचा स्थिर स्थिती सिद्धांत त्यांनी आयुष्यभर लावून धरला, 1965 मध्ये पार्श्वभूमीचे सूक्ष्मलहरी किरण (महास्फोटाची उरलेली धग) सापडल्यावर बहुतेक सगळे महास्फोटाच्या, म्हणजे बिग बँगच्या, बाजूला गेले तरी. 1993 मध्ये हॉईल आणि खगोलशास्त्रज्ञ जेफ्री बर्बिज यांच्यासोबत सुधारित आवृत्ती आणली, तीही फारशी कोणाला पटली नाही. पण त्यांचं म्हणणं आकडेमोडीसकट छापलेलं होतं, त्यामुळे खोडायला काय मोजायचं हे विरोधकांना कळत तरी होतं.