नॉर्मल वितरण आणि नमुन्यांची सरासरी : या चुका टाळा

नागपुरात पहिल्या वर्षाच्या पोरांना स्टॅटिस्टिक्स शिकवतो. परीक्षेच्या तोंडावर एमबीएवाल्यांचे प्रोजेक्टही माझ्याकडे येतात. बॅच बदलते, पेपर बदलतो, चुका मात्र त्याच. बहुतेक चुकांचं मूळ एकाच जागी सापडतं. अशा प्रत्येक गणितात तीन वेगवेगळी वितरणं (कोणती किंमत किती वेळा येते त्याची चित्रं) असतात आणि विद्यार्थी ती एकच समजून पुढे जातो. पहिलं अख्ख्या समष्टीचं, म्हणजे ज्यांच्याबद्दल बोलायचंय त्या सगळ्यांचं, दुसरं हातातल्या एका नमुन्याचं, म्हणजे त्यातून निवडलेल्या थोड्यांचं. तिसरं म्हणजे तेवढ्याच आकाराचे नमुने पुन्हा पुन्हा काढले असते, तर त्यांच्या सरासऱ्या कशा पसरल्या असत्या, त्याचं. हे तिसरं डेटाच्या फाइलमध्ये कुठेच दिसत नाही, म्हणून तेच सगळ्यात जास्त चुकतं.

“एन तीसच्या वर आहे, म्हणजे डेटा नॉर्मल”

एन म्हणजे एका नमुन्यातल्या निरीक्षणांची संख्या, आणि नॉर्मल म्हणजे मध्ये उंच, दोन्ही बाजूंना सारखं उतरणारं घंटेच्या आकाराचं वितरण. या एका वाक्याने जितके प्रोजेक्ट बिघडलेले पाहिले, तितके दुसऱ्या कशाने नाही. एका विद्यार्थिनीने बर्डीवरच्या एका मेडिकल स्टोअरची २०० बिलं गोळा केली होती. मेहनत खरी होती, एकेक बिल हाताने एक्सेलमध्ये चढवलेलं. सरासरी बिल ४२० रुपये, प्रमाण विचलन (आकडे सरासरीपासून किती पसरलेत त्याचं माप) ३८० रुपये. पुढे तिने लिहिलं: नमुना ३० पेक्षा मोठा असल्याने बिलाची रक्कम नॉर्मल आहे, म्हणून ९५ टक्के बिलं सरासरीच्या दोन प्रमाण विचलनांच्या आत येतील. म्हणजे उणे ३४० ते ११८० रुपये. हा उणे आकडा छापून, बाइंडिंग होऊन व्हायव्हाला गेला. परीक्षकांनी त्यावरच बोट ठेवलं आणि विचारलं, “उणे तीनशे चाळीसचं बिल कोणाचं?” ती माझ्याकडे आली तेव्हाही तिचा प्रश्न तोच होता, “सर, एन तर दोनशे आहे ना, मंग नॉर्मलच झाला ना तो?”

मी तिला आधी हिस्टोग्राम, म्हणजे कोणत्या रकमेची किती बिलं ते दाखवणारा स्तंभालेख, काढायला लावला. डावीकडे शंभर-दोनशेच्या बिलांचा ढीग, उजवीकडे महिनाभराची बीपी-शुगरची औषधं एकदम नेणाऱ्यांची लांब शेपटी. आणखी दोन हजार बिलं आणली असती तरी हा आकार सरळ झाला नसता. उलट शेपटी अजून स्पष्ट दिसली असती, कारण नमुना मोठा होतो तसा तो समष्टीचा खरा आकार जास्त इमानदारीने दाखवतो.

केंद्रीय सीमा प्रमेय बिलांबद्दल बोलतच नाही, ते बिलांच्या सरासरीबद्दल बोलतं. निरीक्षणं एकमेकांपासून स्वतंत्र असतील, एकाच समष्टीतून आलेली असतील आणि त्या समष्टीचं विचरण (प्रमाण विचलनाचा वर्ग) मर्यादित असेल, तर एन वाढेल तसं सरासरीचं वितरण नॉर्मलच्या जवळ जातं. गणिती द म्वाव्रने १७३३ मध्ये नाण्याच्या छापा-काट्यासारख्या प्रयोगांसाठी हे दाखवलं आणि लाप्लासने १८१० मध्ये ते बरंच व्यापक केलं. त्या विद्यार्थिनीच्या डेटावर हे प्रमेय लावायचं तर ३८० ला २०० च्या वर्गमूळाने भागायचं. प्रमाण त्रुटी, म्हणजे नमुन्यांच्या सरासऱ्यांचं प्रमाण विचलन, आली सुमारे २७ रुपये. तिच्या १.९६ पट दोन्ही बाजूंना घेतलं की दुकानाच्या सरासरी बिलासाठी ९५ टक्के विश्वास अंतराल (खरी सरासरी जिथे असावी तो पट्टा) आला साधारण ३६७ ते ४७३ रुपये. हे अंतराल सरासरीचं आहे. त्या दोन आकड्यांच्या मध्ये एकूण बिलांपैकी किती बिलं पडतात, हा वेगळाच प्रश्न आहे.

आणि तो ३० चा आकडा? त्यामागे कुठलंही प्रमेय नाही. समष्टी सममित असेल तर एन ५ किंवा १० असतानाही सरासरी छान नॉर्मल दिसते. समष्टी फार तिरकी असेल तर ३० अपुरे पडतात. सरासरीचा स्क्यूनेस, म्हणजे तिरकेपणा, एनच्या वर्गमूळाच्या प्रमाणात कमी होतो, म्हणजे स्क्यूनेस निम्मा करायला चौपट निरीक्षणं लागतात. “तीसच्या वर, झालं काम” असं एका ओळीत सांगणाऱ्या शॉर्टकट व्हिडिओंचा मला मनापासून राग येतो. ते बघून आलेल्या पोराला हिस्टोग्राम काढायचा कंटाळा येतो, आणि तो काढल्याशिवाय मी पुढचं पान तपासत नाही.

एका संत्र्याचा प्रश्न की पंचवीस संत्र्यांच्या सरासरीचा?

समजा कळमन्याच्या बाजारात आलेल्या एका लॉटमधल्या संत्र्यांचं वजन नॉर्मल आहे, सरासरी १५० ग्रॅम, प्रमाण विचलन २५ ग्रॅम. उचललेलं एक संत्रं १६० ग्रॅमच्या वर असण्याची शक्यता किती? झेड, म्हणजे सरासरीपासूनचं अंतर भागिले प्रमाण विचलन, ०.४, उत्तर सुमारे ३४ टक्के. आता तशीच २५ संत्री उचलली, त्यांची सरासरी १६० च्या वर जाण्याची शक्यता किती? इथे भागायचं ते २५ ग्रॅमला २५ संत्र्यांच्या वर्गमूळाने भागून आलेल्या ५ ने. झेड २, उत्तर सुमारे २.३ टक्के. आकडे तेच, उत्तरात पंधरापट फरक. परीक्षेत निम्मी पोरं दोन्ही ठिकाणी २५ नेच भागतात, आणि काही जण धसका घेऊन दोन्ही ठिकाणी ५ ने.

माझी सवय अशी: सूत्राला हात लावायच्या आधी समासात एकच शब्द लिहायचा, “एक” किंवा “सरासरी”. मग आडवी रेघ ओढून तिच्याखाली लिहायचं की या अक्षावर काय मोजलंय: एका संत्र्याचं वजन, की २५ संत्र्यांचं सरासरी वजन. अक्षाला नाव नसलेली घंटाकृती मी कापून टाकतो. पोरं कुरकुरतात, पण नाव लिहिलं की कशाने भागायचं ते आपोआप कळतं.

एन म्हणजे किती वेळा काढलं ते नव्हे

संगणकावर एन ५ चे हजार नमुने काढले की बरेच जण एन म्हणजे १००० धरतात. एन पाचच राहतो. हजार हा आकडा फक्त चित्र किती स्वच्छ दिसेल ते ठरवतो, प्रमाण त्रुटी त्याने घटत नाही.

हे पटवायला मी गॉसेटचं उदाहरण देतो. डब्लिनच्या गिनेस ब्रुअरीत काम करणाऱ्या या माणसाने १९०८ मध्ये ‘स्टुडंट’ या टोपणनावाने लहान नमुन्यांवरचा आपला निबंध छापला. त्यासाठी त्याने ३००० गुन्हेगारांची उंची आणि डाव्या हाताच्या मधल्या बोटाची लांबी पुठ्ठ्याच्या तुकड्यांवर लिहिली, तुकडे नीट मिसळले आणि चार-चारचे गट पाडले. नमुने ७५०, एन ४. संगणक नसताना नमुन्यांचं वितरण हाताने उभं केलं! माझ्या वर्गातही आधी चिठ्ठ्या, मग लॅपटॉप. ज्यांना पहिल्याच दिवशी सॉफ्टवेअर हवं असतं त्यांना हे बालिश वाटतं. पण चार चिठ्ठ्या काढून सरासरी लिहायची, चिठ्ठ्या परत टाकायच्या, पुन्हा काढायच्या, असं पन्नासएक वेळा केलेलं पोरगं एन आणि नमुन्यांची संख्या यांत पुन्हा गोंधळलेलं मला आठवत नाही.

त्याच गॉसेटमुळे आणखी एक: समष्टीचं प्रमाण विचलन माहीत नसेल आणि नमुना लहान असेल तर १.९६ वापरू नका. एन ५ असेल तर त्याऐवजी लहान नमुन्यांसाठीच्या टी टेबलातून २.७७६ येतो. हा फरक सोडून देण्याइतका लहान नाही.

झेडवरून शक्यता देणारं झेड टेबल कोणतं आहे ते बघा. काही टेबलं शून्यापासूनचं क्षेत्र देतात, काही डावीकडचं पूर्ण. नवीन पुस्तक हातात आलं की मी आधी १.९६ शोधतो. ०.४७५० दिसलं तर पहिला प्रकार, ०.९७५० दिसलं तर दुसरा.

नमुना मोठा केला म्हणून वाईट निवड सुधारत नाही. क्रेटच्या वरच्या थरातलीच संत्री उचललीत तर तीनशे उचलूनही तुम्हाला वरच्या थराचीच सरासरी कळेल. जुलैतले सलग ३० दिवस घेऊन नागपूरच्या रोजच्या पावसाची प्रमाण त्रुटी काढणंही चूक, कारण आजचा पाऊस कालच्यापासून स्वतंत्र नसतो. पावसाळी ढग आले की दोन-तीन दिवस मुक्काम करतात.

“नागपूर मोठं, म्हणून नमुनाही मोठा हवा” हे व्हायव्हात हमखास ऐकू येतं. २०११ च्या जनगणनेत शहराची लोकसंख्या २४ लाखांच्या वर होती. तिथून यादृच्छिक पद्धतीने निवडलेली ४०० माणसं आणि काटोलसारख्या छोट्या गावातून तशीच निवडलेली ४०० माणसं, विचलन सारखं असेल तर दोन्हीकडे प्रमाण त्रुटी जवळपास सारखीच येते. सूत्रात छोटा एन, म्हणजे नमुन्याचा आकार आहे, समष्टीचा आकार नाही. समष्टी नमुन्याच्या मानाने अगदी लहान असेल, जसं ६०० कामगारांच्या कारखान्यातून ४००, तेव्हाच प्रमाण त्रुटी कमी करणारा दुरुस्तीचा गुणक लावायचा.

शेवटचं, एक्सेलवाल्यांसाठी. आपल्या पुस्तकांत नॉर्मलच्या कंसात ५०, १६ लिहिलं असेल तर १६ हे बहुधा विचरण असतं, प्रमाण विचलन ४. एक्सेलचं नॉर्म डिस्ट फंक्शन मात्र प्रमाण विचलन मागतं. तिथे १६ टाकलं तर कुठलीही एरर येत नाही, चुकीचं उत्तर गुपचूप येतं. म्हणून आधी सरासरीच्या दोन्ही बाजूंना एक प्रमाण विचलन एवढं क्षेत्र काढून बघा, इथे ४६ ते ५४. ते ०.६८ च्या आसपास आलं नाही तर १६ च्या जागी ४ टाका.