‘रीमास्टर्ड’ छापलंय म्हणून लगेच घेऊ नका: ब्लू-रेची प्रिंट अशी तपासायची

आवडता पिक्चर ब्लू-रेवर परत आला की पहिला प्रश्न एकच असतो, प्रिंट कशी आहे? कव्हर वाचून ते काही कळत नाही. ‘डिजिटली रीमास्टर्ड’ तर सगळेच छापतात, आणि कधीकधी त्याचा अर्थ एवढाच असतो की डीव्हीडीच्या जमान्यात केलेला जुनाच मास्टर (ज्या डिजिटल कॉपीवरून डिस्क बनते ती) थोडा पुसूनपासून परत आपल्या गळ्यात मारलाय. म्हणून पिक्चरचं नाव बघून नाही, एडिशन बघून पैसे टाकायचे.

सुरुवात मास्टरपासून करा. कव्हरची मागची बाजू, आतली पुस्तिका नाहीतर कंपनीचं पेज, कुठेतरी ‘ओरिजिनल कॅमेरा निगेटिव्हवरून ४के स्कॅन’ (म्हणजे शूटिंगची मूळ फिल्मच साधारण चार हजार पिक्सेल रुंदीत स्कॅन केलीय) असं काही लिहिलंय का आणि ते काम कोणत्या वर्षी झालंय ते शोधा. नुसतं ‘एचडी मास्टर’ लिहिलं असेल आणि वर्ष कुठेच नसेल तर सरळ जुना माल समजून चाला. ‘लॉरेन्स ऑफ अरेबिया’चं उदाहरण घ्या, ६५ मिमी निगेटिव्ह ८के मध्ये स्कॅन करून ४के मध्ये रिस्टोअर केली आणि त्यावरून २०१२ ला ब्लू-रे काढली. साधी १०८०पी डिस्क, म्हणजे ४के नाही, पण वाळवंटातला लांबवरचा उंटसुद्धा ठिपका न वाटता उंट वाटतो. म्हणजे डिस्क ४के आहे का यापेक्षा स्कॅन कशावरून केलाय हे जास्त महत्त्वाचं.

कधी निगेटिव्हच शिल्लक नसते. सत्यजित राय यांच्या अपू त्रयीच्या निगेटिव्हज १९९३ ला लंडनमधल्या लॅबच्या आगीत होरपळल्या, जेवढी फिल्म वाचवण्यासारखी होती ती इटलीतल्या बोलोन्याच्या लॅबमध्ये जोडूनजाडून स्कॅन केली आणि बाकीचा भाग दुसऱ्या कॉप्यांवरून घेतला. अशा डिस्कमध्ये एक सीन कडक आणि पुढचा जरा मऊ दिसला तर डिस्कला शिव्या घालू नका, जे हाती होतं त्यातून केलंय.

आता तुलना करायची. डीव्हीडीबीव्हर, कॅप्स-अ-हॉलिक अशा साइटवर एकाच पिक्चरच्या वेगवेगळ्या एडिशनच्या फ्रेम शेजारी शेजारी ठेवलेल्या मिळतात. मोबाइलवर बघू नका, कॉम्प्युटरवर फ्रेम पूर्ण साइजला उघडा. यूट्यूबवरच्या तुलना तर सोडूनच द्या, तिथे कॉम्प्रेशनमध्ये, म्हणजे व्हिडिओ दाबून लहान करताना, जो बारकावा तपासायचाय तोच उडालेला असतो.

फ्रेममध्ये सगळ्यात आधी चेहऱ्याचा क्लोजअप बघा. गालावरची छिद्रं, दाढीचे खुंट, भुवईचा एकेक केस दिसतोय का, का सगळं मेण फासल्यासारखं गुळगुळीत झालंय? ‘प्रेडेटर’चं प्रकरण यासाठी प्रसिद्ध आहे. २००८ ची पहिली ब्लू-रे दाणेदार होती, चित्रभर बारीक ठिपके दिसायचे, आणि लोकांनी कुरकुर केली, मग २०१० ला ‘अल्टिमेट हंटर एडिशन’ आली आणि त्यात दाणा इतका घासून काढला की श्वार्त्झनेगर मेणाच्या पुतळ्यासारखा दिसायला लागला. दुकानातल्या टीव्हीवर पाच मिनिटं बघितली तर हीच डिस्क ‘क्लीन’ वाटते, आणि सगळा घोटाळा तिथेच आहे.

कारण तो दाणा, म्हणजे ग्रेन, ही घाण नाही. फिल्मवर चित्र उमटतं तेच या दाण्यांमधून, त्यामुळे सॉफ्टवेअरने दाणा पुसला की त्याच्यासोबत कापडाचा पोत, पानांच्या कडा, कातडीचा खडबडीतपणा सगळं जातं. ‘ग्लॅडिएटर’च्या २००९ च्या ब्लू-रेमध्ये तर सुरुवातीच्या लढाईत उडणारे काही बाणच गायब झाले होते, सॉफ्टवेअरला ते धूळ वाटले! बोंबाबोंब झाली आणि २०१० ला नवीन ट्रान्सफर (फिल्मवरून केलेली डिजिटल कॉपी) काढावी लागली. नाव तेच आणि कव्हरही जवळपास तेच, त्यामुळे सेकंडहँड घेताना नक्की कोणती डिस्क आहे ते विचारूनच घ्या.

दाणा पुसल्यावर चित्र मऊ पडतं, मग ते कडक दिसावं म्हणून कडा गडद करतात. आकाशासमोरची विजेची तार नाहीतर छपराची कड बघा, तिच्या बाजूने पांढरी रेघ चालली असेल तर तीच ही भानगड.

रंगाचं काम जास्त अवघड आहे, कारण मूळ रंग कसे होते हे आपल्याला कुठे नीट आठवतंय. ‘द फ्रेंच कनेक्शन’ची २००९ ची डिस्क खुद्द दिग्दर्शक फ्रीडकिनने स्वतः बसून रंगवली, पण कॅमेरामन रॉइझमन त्यावर जाम भडकले आणि २०१२ ला नवीन डिस्क आली. त्यामुळे ‘दिग्दर्शकाची मान्यता’ हा शिक्का माझ्यासाठी तरी शेवटचा शब्द नाही. सोपी युक्ती म्हणजे पांढऱ्या वस्तू बघायच्या, बर्फ, शर्टाची कॉलर, कागद. ‘फेलोशिप ऑफ द रिंग’च्या २०११ च्या एक्स्टेंडेड ब्लू-रेमध्ये बर्फच हिरवट दिसतो, मग बाकीचं काय बोलायचं.

डिस्क घरी आली की आधी टीव्ही सुधारा, हे बहुतेक जण करत नाहीत आणि मग प्रिंट बेकार म्हणून ओरडतात. पिक्चर मोड ‘सिनेमा’ किंवा ‘फिल्ममेकर’ वर टाका, ‘व्हिव्हिड’ अजिबात नको. हालचाल जास्तच गुळगुळीत करणारं मोशनवालं फीचर बंद करा (सॅमसंगवर ऑटो मोशन प्लस, एलजीवर ट्रूमोशन, सोनीवर मोशनफ्लो), नाहीतर पिक्चर टीव्ही सीरियलसारखा दिसतो. नॉइज रिडक्शन बंद करा. शार्पनेस बहुतेक टीव्हींवर शून्याच्या आसपास ठेवा, काहींवर मात्र मधला आकडा न्यूट्रल असतो, तो हलवू नका. प्लेअरमध्ये २४पी आउटपुट (सेकंदाला २४ फ्रेम, पिक्चर शूट होतो तसा) चालू करा. आणि ५५ इंची टीव्ही असेल तर सात-साडेसात फुटांवर बसा, बारा फुटांवरून असले बारकावे शोधत बसण्यात अर्थ नाही.

मग एखादा अंधारा सीन लावा. काळ्यात चौकोनी ठोकळे वळवळत असतील नाहीतर धुक्यात पट्टे पडत असतील तर कॉम्प्रेशनमध्ये कंजूषपणा केलाय, दोन-अडीच तासांचा पिक्चर आणि ढीगभर बोनस व्हिडिओ २५ जीबीच्या एकाच लेयरवर कोंबला की असं होतं. ५० जीबीची डिस्क असेल तर निदान जागेचं कारण उरत नाही. एक गोष्ट मात्र माफ करा: जुन्या पिक्चरमध्ये एक सीन विरघळून दुसरा येतो तेव्हा तेवढा तुकडा अचानक मऊ आणि जास्त दाणेदार दिसतो. तो लॅबमध्ये फिल्मची कॉपी काढून बनवलेला असायचा, त्यामुळे दोष तेव्हाचाच आहे.

बाहेरून मागवताना रीजन, म्हणजे डिस्क जगाच्या कोणत्या भागातल्या प्लेअरवर चालेल याचा कोड, बघा. भारत सी मध्ये येतो, अमेरिका ए आणि ब्रिटन बी, आणि डिस्क लॉक असेल तर आपल्या प्लेअरवर चालणार नाही. ४के डिस्कला रीजनची कटकट नसते, पण तिच्यासोबत डब्यात जी साधी ब्लू-रे येते तिच्यावर बऱ्याचदा जुनाच मास्टर असतो, त्यामुळे घरी ४के प्लेअर नसेल तर तो महागडा डबा घेण्याआधी रिव्ह्यूमध्ये साध्या डिस्कबद्दल वेगळं काय लिहिलंय ते शोधा. आणि नवीन आली म्हणून जुनी डिस्क लगेच विकून टाकू नका, चित्र सुधारताना कधीकधी ओरिजिनल मोनो (एकाच चॅनेलचा) साउंडट्रॅकच काढून टाकलेला असतो.