विमानानं वाद्य नेताय? आधी हातोडी मोठ्या बॅगेत टाका

सोनेगावला, म्हणजे नागपूरच्या विमानतळावर, सुरक्षा तपासणीत माझी हातोडी गेली. तबला-डग्गा चेक-इनला दिला होता आणि हातोडी, सवयीनं, खांद्यावरच्या झोळीत राहिली. जवानानं ती उचलून विचारलं, "ये किसलिए?" मी म्हटलं, "तबला मिलाने के लिए." त्यानं समजल्यासारखी मान डोलावली आणि हातोडी ठेवून घेतली. चूक माझीच. हातोडी, पक्कड, स्क्रू-ड्रायव्हर ही अवजारं केबिनमध्ये चालत नाहीत, वाद्याची असली तरी. ती चेक-इनच्या बॅगेत टाकायची.

पॉवर बँक आणि सुट्या लिथियम बॅटऱ्यांचं नेमकं उलट: त्या चेक-इनमध्ये चालत नाहीत, हातातच ठेवाव्या लागतात. इलेक्ट्रॉनिक तानपुरा स्कॅनरपाशी ट्रेमध्ये वेगळा काढून ठेवा, आणि घरून निघताना तो खरोखर बंद आहे ना, ते बघा. रांगेत बॅग 'सा-प' करायला लागली की मागची माणसं दोन पावलं मागे सरकतात.

इतकी वर्षं वाद्यं इकडून तिकडे नेल्यावर माझं मत असं झालंय की विमानात वाद्याला फारसं काही होत नाही. सामानाचा कप्पाही प्रवाशांच्या केबिनसारखाच हवाबंद आणि दाबाखाली असतो. वाद्य मोडतं ते जमिनीवर: गाडीत, सामानाच्या पट्ट्यावर, ट्रॉलीवरून उतरवताना. आणि नागपूरकरांच्या बाबतीत बरेचदा घरापासून विमानतळापर्यंतच.

डिक्कीतली पेटी

मे महिना, पारा पंचेचाळीसला. विमानाला वेळ आहे म्हणून वर्धा रोडवर गाडी उन्हात लावून आपण तर्री-पोह्यांना थांबतो. बंद गाडीतलं तापमान बाहेरच्यापेक्षा सहज पंधरा-वीस अंशांनी चढतं. बरीच वाद्यं सरसानं चिकटवलेली असतात आणि सरस साठ अंशांच्या आसपास मऊ पडतो. माझ्या एका विद्यार्थ्याच्या पेटीच्या भात्याचं कातडं असंच सुटलं. मुंबईत उतरल्यावर भाता नुसता फुसफुसत होता आणि त्यानं सगळा दोष विमानाच्या माथी मारला. गिटारची ब्रिज, म्हणजे तारांखालची घोडी, याच कारणानं उचलली जाते. पोहे खायचेच असतील तर वाद्य सोबत आत न्या. हॉटेलवाला काही म्हणणार नाही. फार तर एखादं गाणं मागेल.

मेट्रोनं जाणार असाल तर लक्षात ठेवा, एअरपोर्ट स्टेशन वर्धा रोडवर आहे आणि टर्मिनल आत. पेटी घेऊन ते अंतर चालायचं नसतं.

काउंटरवर 'पेटी आहे' म्हणू नका

हार्मोनियम म्हणा. पेटी म्हटलं की समोरची मुलगी वजनकाट्याकडे बोट दाखवते, कारण तिच्या लेखी ती ट्रंक आहे. वाद्य सोबत असताना वेब चेक-इन करून थेट गेटवर जाण्याची हुशारी नको. वेळेआधी काउंटरवर या. देशांतर्गत प्रवासात हातातल्या बॅगेची मर्यादा सहसा सात किलो, माप साधारण ५५ बाय ३५ बाय २५ सेंटीमीटर. व्हायोलिनची केस यापेक्षा लांब असते, तरी बहुतेकदा वरच्या कप्प्यात जाऊ देतात. पण ती त्यांची मर्जी, आपला हक्क नव्हे. एटीआरसारखं छोटं विमान असेल तर तीही आशा सोडा, तिथले कप्पे फारच चिंचोळे. सितारीसाठी शेजारची सीट विकत घेता येते का, हे तिकीट काढण्याआधी फोन करून विचारा, नंतर नाही. जमलं तर थेट विमान घ्या. मध्ये विमान बदललं की सामान आणखी एकदा उतरतं-चढतं.

'फ्रॅजाइल'चं स्टिकर लावून निर्धास्त होणारे पुष्कळ भेटतात. लावा, पण भार वाहणाऱ्याला दिवसाला शेकडो नग उचलायचे असतात. शिवाय नाजूक सामान देताना एका टॅगवर सही मागतात, ती नीट वाचा. वाद्य मोडलं तर जबाबदारी कंपनीची नाही, असं बहुधा त्यात लिहिलेलं असतं. म्हणून भिस्त पॅकिंगवरच.

पॅकिंग

केस बंद करून कानाशी धरा आणि हलवा. आत काहीही हललं तर उघडून पुन्हा भरा. कठीण केस हवीच, पण केस कठीण आणि वाद्य आत मोकळं असेल तर प्रत्येक धक्का त्यालाच बसतो. रिकामी जागा टॉवेल, जुनी साडी, कुर्ते यांनी भरा. गिटार तुटते ती डोक्याजवळ, तेव्हा डोक्याखाली आणि दोन्ही बाजूंनी आधार द्या. सितारीचा वरचा भोपळा फिरवून निघतो. तो काढून हातातल्या बॅगेत घ्या. तंबोऱ्याच्या भोपळ्याभोवती गोधडी घट्ट गुंडाळा. मिरजेहून नवा भोपळा आणून बसवायला लागणारा वेळ ज्यानं काढलाय, तो कंजुषी करत नाही. पेटीच्या भात्याची कडी लावा आणि पट्ट्यांवर घडी केलेला कपडा ठेवून मगच झाकण लावा. तबल्याच्या पुडीवर, म्हणजे वरच्या कातड्यावर, चुंबळ उलटी ठेवून बांधली की दोन कामं होतात: पुडीला गादी मिळते आणि चुंबळ घरी विसरत नाही.

तारांची चूक दोन्ही टोकांनी होते. काही जण मुळीच सैल करत नाहीत, काही सगळ्याच काढून टाकतात. दोन-तीन सूर उतरवा, पुरे. व्हायोलिनच्या सगळ्या तारा सुटल्या तर ब्रिज पडते आणि आतला साउंड पोस्ट, म्हणजे पोटातली उभी लाकडी काडी, तोही आडवा होतो. मग तो उभा करणारा माणूस परक्या शहरात शोधत फिरा.

बासरीवाल्यांचा एक जुना उपाय आहे: प्लंबिंगचा पीव्हीसी पाइप, दोन्ही टोकांना झाकणं. मजबूत आहे, पण स्कॅनरवर तो कसा दिसतो याचा विचार करा आणि झाकण सहज उघडेल असं ठेवा.

परदेशी जाणाऱ्यांसाठी थोडक्यात. जुन्या सितारीवर सांबरशिंगाची घोडी असेल तर ती बदलून घ्या. १९७२च्या वन्यजीव कायद्यामुळे ते शिंग अडचणीत आणतं. रोझवुडच्या तयार वाद्यांना नोव्हेंबर २०१९पासून साइट्सच्या (दुर्मिळ प्राणी-वनस्पतींच्या व्यापारावरच्या आंतरराष्ट्रीय कराराच्या) परवान्यातून सूट आहे, ब्राझिलियन रोझवुड सोडून. आणि वाद्य महाग असेल तर निघतानाच कस्टम्सकडून एक्स्पोर्ट सर्टिफिकेट घ्या, नाहीतर परतताना आपल्याच वाद्यावर कर भरायची वेळ येते.

उतरल्यावर

पट्ट्यावरून उचललेलं वाद्य तिथंच उघडा. घरी जाऊन उघडू, थकलोय, हा सगळ्यात महागडा आळस. काही तुटलेलं दिसलं तर हॉलच्या बाहेर पडायच्या आत कंपनीच्या काउंटरवर लेखी तक्रार नोंदवा, कागदाची प्रत घ्या. निघण्याआधी काढलेले फोटो इथं कामाला येतात. आंतरराष्ट्रीय प्रवासात मोडतोडीची लेखी तक्रार सामान मिळाल्यापासून सात दिवसांच्या आत करावी लागते.

नुकसान नसेल तर मात्र घाई करू नका. नागपूरच्या कोरड्या हवेत चढलेली पुडी मुंबईच्या दमट हवेत उतरते. केस उघडून अर्धा-पाऊण तास वाद्य हवेला सरावू द्या, मगच सुरात मिळवायला घ्या.

त्या दिवशी माझा तबला असाच अर्धा स्वर उतरला होता आणि हातोडी सोनेगावला. आयोजकांच्या वहिनींनी स्वयंपाकघरातून खलबत्त्यातला बत्ता आणून दिला. पुडीला लागू नये म्हणून त्याला रुमाल गुंडाळला आणि तबल्याच्या कडेचे लाकडी गठ्ठे ठोकले. पहिल्या बंदिशीपर्यंत मला स्वतःच्याच बोटांना आल्या-लसणाचा वास येत होता.